चिक्की कितीला?

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाने कुत्रीचं नाव चिक्की ठेवू नये. पण अकरा वर्षांपूर्वी बाजारातल्या एका दुकानामागे, शेंगदाण्याच्या रिकाम्या पोत्यावर गुळाच्या रंगाचं एक पिल्लू कुडकुडत बसलेलं दिसलं, मी ते रेनकोटाच्या आत घालून तुंगार्लीला घरी आणलं, आणि ज्याची सगळी कल्पनाशक्ती ३२ वर्षं बँकेच्या लेजरात खर्ची पडली त्या माणसाला जे नाव सुचायचं तेच सुचलं. आई गावठी होती हे नक्की. वडील बहुधा फक्त शनिवार-रविवारी उघडणाऱ्या एखाद्या बंगल्यातले अल्सेशियन असावेत. पिल्लू वाढत वाढत ३४ किलोंचं झालं, नाव मात्र पाव किलोच्या पाकिटाचंच राहिलं.

आमचं घर धरणाकडे चढणाऱ्या रस्त्याला आहे. पावसाळ्यातल्या शनिवारी तिथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, भजी खाऊन सुस्तावलेली माणसं काचेतून धबधबे शोधत बसलेली असतात, आणि नेमक्या त्या वेळी मी पायजम्यात फाटकाशी उभा राहून "चिक्की! ए चिक्की!" असा पुकारा करतो. एखादी काच खाली येते. "काका, कितीला?" एकदा एका बाईंनी, शेंगदाण्याची नको, काजूची आहे का, असं विचारलं आणि त्याच क्षणी आमची चिक्की फाटकावर पुढचे दोन पाय टाकून त्यांच्यासमोर उभी राहिली. काच वर गेली.

तर त्या पुढच्या दोन पायांपैकी डाव्याची ही गोष्ट.

आधी माझी लायकी सांगतो. दुखणं या विषयात माझा हात धरेल असा माणूस आमच्या घराण्यात नाही. नखाजवळची साल निघाली तर मी दोन दिवस तो हात छातीशी धरून फिरतो, सर्दी झाली की विम्याची फाइल उशाशी आणून ठेवायला लावतो, आणि गुडघ्याबद्दल तर मी इतकं बोललोय की नातेवाईक फोनवर आधी गुडघ्याची चौकशी करतात, नंतर माझी. त्यामुळे आपल्या घरात कुणाला काही दुखलं खुपलं तर ते आपल्याला सगळ्यात आधी कळणार, अशी माझी खात्री होती.

कळलं सगळ्यात शेवटी.

गेल्या वर्षी मे संपता संपता चिक्की सकाळी उठताना डावा पाय जरा उचलून धरायला लागली. आमच्या हिने विचारलं, "ती लंगडतेय का हो?" मी म्हणालो, वय झालं, हवा बदलली, आमवात असणार. हे निदान करायला मला अर्धं मिनिट लागलं, कारण जगातल्या सगळ्या दुखण्यांचं माझं निदान आमवात हेच असतं. मग मी माझी नारायण तेलाची बाटली काढून तिचा पाय चांगला चोळला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी आत गेल्यावर सगळं तेल चाटून साफ केलं, आणि त्या रात्री बैठकीच्या खोलीतली सतरंजी धुवावी लागली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चोळलं. पुन्हा सतरंजी. तिसऱ्या दिवशी हिने बाटलीच लपवली.

ओरडत नाही, कण्हत नाही, पोळी खाते, शेपटी हलवते, म्हणजे फारसं दुखत नसणार, असा माझा हिशेब होता. खातेदार तक्रार घेऊन येत नाही तोवर खातं बरोबर आहे असं धरायची आमची जुनी सवय. पण आठवड्याभराने मनगटाच्या वर सुपारीएवढी सूज दिसायला लागली तेव्हा माझ्यातला परोपकारी गृहस्थ जागा झाला, आणि मी माझ्या गुडघ्याची डायक्लोफेनॅकची गोळी आणली, मी ७२ किलो आणि ती ३४ असं त्रैराशिक मांडलं, सुरीने गोळीचे दोन तुकडे केले, आणि त्यातला एक पेढ्यात दाबणार एवढ्यात हिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून तो माझ्या कानाला चिकटवला.

"काका, पेढा खाली ठेवा," त्या म्हणाल्या.

आपल्या या अंगदुखीच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक असो की आयब्युप्रोफेन, कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि साधं पॅरासिटामॉलसुद्धा आपल्या मनाने द्यायचं नसतं, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मी विचारलं, "आणि पाव तुकडा दिला तर?" त्या म्हणाल्या, "काका, ठेवा." मी ठेवला. पण फोडलेली गोळी वाया घालवणं ३२ वर्षांच्या संस्कारांना मानवेना, म्हणून दोन्ही तुकडे पेढ्यासकट मीच खाल्ले, तेही उपाशीपोटी, आणि रात्रभर छातीतल्या जळजळीने पलंगावर बसून राहिलो. चिक्की तीन पायांवर लंगडत आली आणि माझ्या पायाशी बसली. दुखत होतं तिला. कण्हत होतो मी.

दवाखान्यात गेल्यावर मी अभिमानाने सांगितलं की ती एकदाही ओरडलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी पाय न दाबता नुसतं तिला चार पावलं चालवून पाहिलं. "काका, लंगडणं म्हणजेच दुखणं. ती तुम्हाला दोन आठवडे सांगतेय." मग एक्स-रे निघाला. मनगटाजवळचं हाड वाळवी लागलेल्या चौकटीसारखं दिसत होतं. सुईने पेशी काढून तपासल्या आणि नाव कळलं, ऑस्टिओसार्कोमा. कुत्र्यांमध्ये हाडाचा हाच कॅन्सर सगळ्यात जास्त होतो, तोही थोराड अंगाच्या कुत्र्यांना. पुढच्या पायात खांद्याशी किंवा मनगटाशी, मागच्या पायात बहुतेक गुडघ्याच्या आसपास. गुडघा शब्द ऐकून मी आपला चाचपला. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं, पण बोलल्या काही नाहीत.

यात दुखणं थांबवायचा सरळ मार्ग म्हणजे पाय काढून टाकणं. ऐकताना अंगावर काटा येतो, पण कुत्री तीन पायांवर आपल्या समजुतीपेक्षा फार मजेत धावतात. चिक्कीची मात्र मागची दोन्ही खुब्याची हाडं आधीच झिजलेली होती (इथे माझा आमवात खरा निघाला, पण कुणी अभिनंदन केलं नाही), त्यात वजन ३४ किलो, तीन पायांना ते झेपलं नसतं. शिवाय हा आजार दिसायला लागतो तोवर त्याच्या पेशी बहुतेक वेळा फुप्फुसात पोचलेल्या असतात, एक्स-रेत दिसोत न दिसोत. "आता काम एकच," त्या म्हणाल्या. "दुखू द्यायचं नाही. आणि किती दुखतंय ते बघायचं काम तुमचं."

किती, हा शब्द ऐकल्यावर मला एकदम हुरूप आला. दुःख मला पेलत नाही, पण आकडे पेलतात.

घरी येताच मी दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि ग्लासगो विद्यापीठाची मोजपट्टी शोधून काढली. सहा मथळे, एकूण २४ गुण, ६ किंवा त्याहून जास्त झाले की औषध द्यायची वेळ आली असं समजायचं. त्यात एक सूचना अशी की दुखऱ्या जागेभोवती दोन इंचांवर हलकेच दाबून प्रतिक्रिया बघावी. आता हलकेच म्हणजे किती? प्रयोग आधी स्वतःवर करावा असं थोर शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे, म्हणून मी माझ्या गुडघ्याभोवती दोन इंचांवर अंगठा दाबला आणि अशी किंकाळी फोडली की हिच्या हातातलं दुधाचं पातेलं निसटलं. सांडलेल्या दुधाशी चिक्की पोचली तोवर मी माझे गुण मांडले. ओरडणं, जखमेकडे लक्ष, चाल, स्पर्शाला प्रतिसाद, मनःस्थिती, बसण्याची तऱ्हा, सगळं प्रामाणिकपणे भरलं. मला १५ पडले. चिक्कीला ४. औषधाची गरज कुणाला आहे हे शास्त्राने सिद्ध झालं.

डॉक्टरीणबाईंनी वही उलटसुलट करून पाहिली. ही मोजपट्टी ऑपरेशननंतरच्या ताज्या दुखण्यासाठी आहे, मुरलेल्या दुखण्याला तिचा उपयोग नाही, असं म्हणून त्यांनी मला दुसरा कागद दिला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डोरोथी सिमिनो ब्राउन यांनी केलेली ही प्रश्नावली, मूळ माणसांच्या कॅन्सरच्या वेदनेवरच्या प्रश्नांवरून बेतलेली आणि हाडाच्या कॅन्सरच्या कुत्र्यांवर तपासून पाहिलेली. प्रश्न ११. गेल्या सात दिवसांत सगळ्यात जास्त दुखलं तेव्हा किती, सगळ्यात कमी किती, एरवी किती, आत्ता किती. मग हिंडणं-फिरणं, उठून उभं राहणं, चालणं, धावणं, पायरी चढणं यात दुखणं किती आड येतं. शून्य ते दहा. यात आयुष्यातला आनंद असाही एक प्रश्न होता. तिथे माझं पेन अडलं. हिला विचारलं, "आयुष्यातला आनंद दहापैकी किती धरू?" ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "कुणाचा?"

याच सुमाराला आम्ही दुसरं मत घ्यायला मुंबईला गेलो. परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवलं, आणि महालक्ष्मीला टाटांनी २०२४ मध्ये सुरू केलेलं प्राण्यांचं रुग्णालय आहे, तिथेही जाऊन आलो. दोन्हीकडे डॉक्टरीणबाईंचंच म्हणणं कायम झालं. गाडी भाच्याने चालवली. खंडाळ्याच्या घाटात आजारी जनावराला मळमळेल म्हणून मी जुने टॉवेल, बादली, पाणी अशी जय्यत तयारी ठेवली होती. बादली मला लागली.

परत आल्यावर भाजीवाल्याकडे कुणीतरी विचारलं, दिसला नाहीत दोन दिवस? मी म्हणालो, परळला गेलो होतो, टाटाला पण दाखवलं, हाडाचा कॅन्सर निघाला. एवढं म्हणून मी कोथिंबीर घेऊन निघून आलो. आता मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाच्या कानावर परळ, टाटा आणि कॅन्सर हे तीन शब्द एका ओळीत पडले की त्याच्या मनात कुत्रा येत नाही, हे मला सुचायला हवं होतं. संध्याकाळी समोरचे गृहस्थ चार शहाळी घेऊन हजर. ही आत होती. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कसं आहे आता?"

"खातेपिते व्यवस्थित," मी म्हणालो. "गोळी दिसली की तेवढं तोंड फिरवते."

"ऑपरेशन?"

"पाय काढायचा विचार होता. पण वजन फार म्हणाले. दुसरे पाय झेपणार नाहीत."

गृहस्थांनी शहाळं खाली ठेवलं. "किती सोसतायत हो!"

"तेच ना. कधी हूं की चूं नाही. रात्री माझ्या पलंगाखाली पडून असते. फरशी घसरते म्हणून आता जुनी पोती अंथरलीत."

"पोती?" ते म्हणाले. तेवढ्यात ही चहाचा ट्रे घेऊन ठणठणीत चालत बाहेर आली आणि ते गहिवरून उठून उभे राहिले. "वहिनी, तुम्ही कशाला! तुम्ही बसा!" ही गोंधळून बसली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "यांच्या चेहऱ्यावरून वाटतसुद्धा नाही."

"चेहऱ्यावरून कळतच नाही," मी दुजोरा दिला. "मी तर आता फक्त शेपटीकडे बघतो."

चहाचा कप त्यांच्या ओठांपाशी थांबला. त्यापुढचं संभाषण मी इथे देत नाही, कारण ते मुख्यतः हिने केलं. त्यातलं 'वजन फार' हे कलम अजून मिटलेलं नाही.

औषधं सुरू झालीच होती. रोज एकदा पोटभर खाणं झाल्यावर मेलोक्सिकॅम, नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, दर महिन्याला झोलेड्रोनेटचं सलाइन. हे शेवटचं हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालतं. आमच्या सासूबाईंना ठिसूळ हाडांसाठी वर्षातून एकदा देतात तेच. ही माहिती मी सासूबाईंना कौतुकाने फोनवर सांगितली, हेही माझं चुकलं. गॅबापेंटिनचं माणसांचं पातळ औषध आणू नका, त्यात कधी कधी झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला विषासारखा, अशी ताकीद मिळाली. शी काळी दिसली, उलट्या झाल्या, तर मेलोक्सिकॅम थांबवून लगेच फोन करायचा. त्याच्या जोडीला स्टेरॉइड कधीही नाही. मधूनमधून रक्त तपासून मूत्रपिंडं आणि यकृत बघायचं.

मेलोक्सिकॅमची एक गंमत आहे. पूर्वी आपल्याकडे गुराढोरांना सर्रास डायक्लोफेनॅक देत, आणि ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन पटापटा मेली, इतकी की आकाश रिकामं झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि त्याच्या जागी जे पुढे आणलं ते हेच मेलोक्सिकॅम. म्हणजे गिधाडांना वाचवणारं औषध चिक्कीच्या ताटलीत, आणि गिधाडांना मारणारं माझ्या गुडघ्यात. मी मेल्यावर पक्ष्यांनी माझ्यापासून लांब राहावं अशी व्यवस्था मात्र घरच्यांनी करावी.

पण गोळी पोटात जायला हवी ना. नामदेव महाराजांची कोरडी पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. मीही तुपाची वाटी घेऊन धावलो. फरक एवढाच की त्यांच्या तुपात गोळी नव्हती, आणि ते पडले नव्हते. पोळीचा लाडू, पेढा, उकडलेलं अंडं, चीज, सुरमईचा तुकडा, सगळं झालं. चिक्की अतिशय समजूतदारपणे सगळं घ्यायची, कोपऱ्यात न्यायची, आणि शेपटी हलवत परत यायची. मी वहीत लिहायचो, 'औषध दिले. सुधारणा दिसते.' आधी ७, मग ५, मग ४. आलेख काढला. आलेख उताराला लागलेला पाहून मला बँकेत कधी झालं नव्हतं एवढं समाधान झालं.

पंधराव्या दिवशी भांडीवाल्या मावशींनी सोफा सरकवला. सोफ्यामागे अकरा गोळ्या होत्या, चाटून स्वच्छ केलेल्या.

मी तोंड पाडून वही घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. औषध दिल्याच्या समाधानानेच मालकांना कुत्रा बरा दिसायला लागतो, २०१२ मध्ये अमेरिकेत लंगड्या कुत्र्यांच्या मालकांवर हे तपासूनसुद्धा पाहिलंय, खोटी गोळी देऊनही कितीतरी जण सुधारणा झाली म्हणाले, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "आणि कुत्रे?" "कुत्रे तसेच लंगडत होते."

म्हणजे दोन आठवडे मी जे मोजत होतो ते माझं दुखणं होतं. तेवढं मात्र खरोखरच कमी झालं होतं.

यातून वाट काढली मावशींनी. त्या राजमाचीच्या वाटेवरच्या, माहेरी म्हशींचा गोठा. माझी वही, रकाने, आलेख त्यांनी फडकं हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "दादा, मुकं जनावर कण्हत न्हाई. आवडीचं काम सोडतं. म्हस दुखण्याला आली की रवंथ बंद करती, वरडत न्हाई काय. ही वानरांवर भुंकायची, आठवतंय का? म्हैना झाला, वानरं पत्र्यावर नाचत्यात आन ही नुसती कान हालवती."

मला आठवलं. दर सकाळी वानरांची टोळी धरणाकडून उतरून आमच्या गच्चीवर यायची आणि चिक्की जिन्याच्या तीन पायऱ्या एका उडीत चढून आभाळ डोक्यावर घ्यायची. महिनाभर घरात शांतता होती, आणि मी वहीत त्याबद्दल 'स्वभाव शांत झाला, उत्तम' असं लिहून ठेवलं होतं. एवढंच नाही, रात्री ती विनाकारण धापा टाकते, दर अर्ध्या तासाने कूस बदलते, मनगट चाटत बसते, मांडीवर डोकं ठेवायचं सोडून भिंतीकडे तोंड करते, हे सगळं मी पाहिलं होतं. धापा म्हणजे उकाडा, कूस म्हणजे डास, चाटणं म्हणजे स्वच्छता, भिंत म्हणजे म्हातारपणाचं वैराग्य. जुलैत तुंगार्लीत उकाडा! वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात, अंगावर दोन रजया घेऊन, मी कुत्रीला उकाडा लावला.

डॉक्टरीणबाईंना मावशींचं म्हणणं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हेच हवंय मला. हिला आवडणाऱ्या पाच गोष्टी लिहा आणि रोज बघा किती करते." मी वहीत नवं पान काढलं. वानरं. दुधाच्या पातेल्याचा आवाज. फाटकावरचे दोन पाय. हिची स्वयंपाकघरातली पाठराखण. पाचवी सुचेना. हिने सांगितलं, "तुम्ही घोरायला लागलात की खोलीबाहेर जाऊन झोपणं." तेही लिहिलं.

गोळ्या आता मावशी द्यायच्या. तूप नाही, पेढा नाही. जबडा उघडायचा, जिभेच्या मागे गोळी, तोंड मिटून गळ्यावरून हात, की संपलं. मला वाटतं सगळा वेळ सात सेकंद लागायचा. औषध खरंच पोटात जायला लागलं, डॉक्टरीणबाईंनी गॅबापेंटिन वाढवलं, फरशीवर सगळीकडे सतरंज्या आल्या, जिन्याला फळी लावली, कारण असं हाड एखाद्या उडीत मोडू शकतं. आणि ऑगस्टच्या अखेरीस एका धुकट सकाळी पत्र्यावर दणदण झाली आणि खालून भुंकणं ऐकू आलं. पहिल्यासारखं नव्हे, बसल्या जागेवरून, पण वानरांना नीट समजेल असं. मी पायजम्यात धावलो, आनंदाने शेजारीपाजारी पेढे वाटले. समोरच्या गृहस्थांनी पेढा घेतला आणि विचारलं, "वहिनींना बरं वाटतंय ना?"

ते सहा-सात आठवडे चांगले गेले. पाचातल्या चार, कधी तीन, एका रविवारी तर पाचही, म्हणजे ती रात्री खोलीबाहेर झोपली.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला आणि यादी आखडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तिसरा कागद दिला. ॲलिस विलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये मांडलेले सात विषय: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकी १० गुण. ३५ च्या वर असेल तर जगणं ठीक चाललंय.

पस्तीस! मॅट्रिकला मला गणितात बरोबर पस्तीस होते, त्यावर मी ३२ वर्षं बँकेत काढली. पस्तीसचं मोल मला कुणी शिकवायला नको. त्या रात्री मी पेपर तपासायला बसलो. भूक, दोन घास खाल्ले, ७. हालचाल, मी उचलून नेलं पण बागेपर्यंत गेली ना, ६. आनंद, शेपटीचं टोक हललं, ८. असं करत ४६ भरले. हिला दाखवलं. तिने चष्मा लावला, पेन घेतलं, एकेक विषय तपासला आणि खाली ३१ लिहिलं. मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी चिक्कीच्या कानामागे हात फिरवला आणि नुसती मान हलवली. मी पुन्हा बेरीज केली. १५ गुणांचा फरक होता, आणि ते सगळे मी ग्रेस म्हणून दिले होते. तिला नव्हे.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आल्या. आधी झोपेचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं. चिक्कीचं डोकं हिच्या मांडीवर होतं. पत्र्यावर वानरं आली होती. मावशींनी बाहेर जाऊन त्यांना हाकललं. चौघांमध्ये सगळ्यात मोठ्याने कोण रडलं, हे माझा पूर्वेतिहास बघता सांगायला नको.

वही अजून कपाटात आहे. त्यातली पहिली सोळा पानं निरुपयोगी आहेत. मावशींची यादी सतराव्या पानावर आहे. तुमच्या घरी म्हातारं कुत्रं असेल तर सतराव्या पानापासून सुरुवात करा, आणि तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या वरच्या फळीवर ठेवा.

परवा शनिवारी संध्याकाळी पाऊस होता, रस्त्याला गाड्यांची रांग होती, आणि दूध-भाताची वेळ झाली म्हणून मी सवयीने फाटकाशी जाऊन हाक मारून बसलो. एक काच खाली आली. "काका, कितीला?" पूर्वी मी चिडायचो. मी त्यांना सांगितलं, इथे नाही मिळत, असेच खाली उतरा, जुना हायवे लागेल, तिथे दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं आहेत.